काळ्या कॅबिनेटच्या पोटातली दुपार

तुम्हाला आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. कधीच नव्हतं. समोरून झगमगलं की तुमचे डोळे निवतात. मागे अंधार असो, ओल असो, कुजका वास येत असो, तिकडे पाठ करून तुम्ही पुढच्या बाजूचे फोटो काढता. आणि वर सांगता, आम्ही पारखून घेतलं. पारखून म्हणे!

एवढं तोंड वर करून कोण बोलतंय? मी कॅबिनेट बोलतोय. कंप्युटरचं कॅबिनेट. टेबलाखाली काळी पेटी असते, पायाचं बोट आपटलं की तुम्ही जिला शिवी हासडता, ती. तुमच्यातले निम्मे लोक मला ‘सीपीयू’ म्हणतात. ते माझं नाव नाही. सीपीयू ही माझ्या पोटात बसणारी बिस्किटाएवढी चकती. मी तिचं घर. घराला आणि घरात राहणाऱ्याला एकाच नावाने हाक मारण्याचा आळस फक्त माणसालाच जमतो.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. जाड पत्रा दाबून मला घडवलं. कडा घासून बोथट केल्या, म्हणजे आत हात घालणाऱ्याचं बोट कापू नये. समोर धूळ अडवणारी जाळी, तीही काढून धुता येईल अशी. खाली रबराचे चार पाय. डोकं बंद, वरून काही आत पडायला नको म्हणून. मला काच नाही. दिवे नाहीत. मला घडवणाऱ्या माणसाने एकच विचार केला असावा, की आत जे बसेल ते सुखाने बसावं. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण जगात मला ज्यांच्याबद्दल आदर वाटतो त्या मोजक्यांत तो एक आहे.

तिथून मी आलो नांदेडला, वजिराबादेतल्या मल्लेशच्या दुकानात. वरच्या फळीवर, छताला डोकं लागेल असा. खाली काउंटरवर काचेची कॅबिनेटं मांडलेली. तिन्ही बाजूंनी काच, आत पंख्यांना रंगीत दिवे, लाल, हिरवे, जांभळे, लग्नाच्या मंडपासारखे. गिऱ्हाईक आत शिरलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

“लायटी कितीवाला हाय?”

हवा कुठून येते, पत्रा किती जाड आहे, जाळी निघते का, हे एकानेही विचारलं नाही. गुटख्याने लाल झालेल्या बोटांनी काचेवर टकटक करायची, ‘लई भारी दिसून राहिलं’ म्हणायचं आणि घेऊन जायचं. काही महिन्यांनी तीच पेटी दुरुस्तीला यायची. मल्लेश उघडायचा तेव्हा आतून धुळीचे गोळे, झुरळांची अंडी आणि एकदा तर वाळलेली पाल निघाली. पंख्यात अडकून मेलेली, काचेतून सगळ्यांना दिसेल अशी. मालक म्हणाला, “तरीच एक लायट बंद पडला हुता.” मला शिसारी आली. पालीची नाही, त्याची.

मग एक दिवस शिवानी आली.

शिवानी लातूरची. तिच्या वडिलांची, गुरुपादप्पांची, डाळीची गिरणी आहे. तिने नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि आता ती तिथल्याच रामलिंग सर नावाच्या आर्किटेक्टसाठी घरांची चित्रं काढते. कागदावरची नव्हेत, कंप्युटरवरची. इमारत बांधायच्या आधीच तिच्यात फिरून येता यावं अशी हलती चित्रं. त्या कामाला दमदार यंत्र लागतं, आणि ते ती एकेक भाग निवडून स्वतः जुळवणार होती. सोबत तिचा थोरला भाऊ महांतेश, गिरणीची जीप घेऊन आलेला.

“ते वरचं काळं काढा,” ती म्हणाली.

मल्लेशने मला काढलं. अंगावरची धूळ फडक्याने झटकली. “ताई, हे आफिसवाले नेतेत. पोरं समदी काचंचं घेऊन राहिलीत. हे बगा, रिमोटनं रंग बदलतंय.”

शिवानीने ऐकलं की नाही कोण जाणे. तिने माझी बाजूची झडप उघडली, आत हात घातला आणि आतल्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. मग तळहाताने पत्रा दाबून पाहिला. दबला नाही. जाळी ओढून काढली, परत बसवली. शेवटी मला दोन्ही हातांनी उचललं आणि जरा हलवलं, कुठे काही खुळखुळतंय का ऐकायला. इतकी वर्षं फळीवर होतो, मला असं कोणी उचललं नव्हतं.

“आमच्या घराखाली डाळीची गिरणी आहे,” ती म्हणाली. “काचेचं तिथं आठवडाभर टिकणार नाही.”

“अगं पण हे काय दिसतंय का?” महांतेश वैतागला. “धान्याची कोठी घेतल्यावानी दिसतंय. लोक हसतील.”

“हसू दे. कोठीत धान्य असतं दादा.”

महांतेशला हे झोंबलं असावं. त्याने त्याच वेळी काउंटरवरचं सगळ्यात झगमगीत काचेचं कॅबिनेट उचललं. “मंग हे मी घेतो, गिरणीच्या आफिसात ठिवायला. आत काय घालायचं ते मागनं बघू.”

अशी आमची वरात निघाली. जीपमध्ये मी खाली, पायाशी. ते काचेचं महांतेशच्या शेजारच्या सीटवर, चादरीत गुंडाळून.

लातूरला खाली गिरणी, वर घर. तूर भरडायची यंत्रं सकाळी सुरू झाली की जमीन थरथरते आणि पिवळी धूळ जिन्यावरून वर चढते. ती कपड्यांवर बसते, भाकरीवर बसते, कमलम्मांच्या, म्हणजे शिवानीच्या आईच्या, केसांत बसते. माझ्या जाळीवर तिचा थर साचायचा. शिवानी दर रविवारी जाळी काढून नळाखाली धुवायची. उंदरांनीही माझी परीक्षा घेतली. गिरणीतले उंदीर म्हणजे मांजराला न भिणारी जात. ते रात्रभर माझ्या पाठीला दात घासायचे, माझ्या पायाशी मुतायचे. तो वास अजून माझ्या रबरात आहे. पण आत एकही शिरला नाही. एवढंच माझं काम होतं, आणि ते मी चोख करत होतो.

खाली ऑफिसात ते काचेचं काय करत होतं? काही नाही. महांतेशने त्याच्या दिव्यांना वायर जोडली आणि ते काउंटरवर मांडलं. आत ना बोर्ड, ना चकती, ना तार. बाहेरून सात रंग. गिरणीचा हिशोब महांतेश मोबाइलवरच करायचा. धर्माबादचे व्यापारी आले की काचेसमोर वाकून बघायचे.

“मालक, कंप्युटर लई भारी घेतलाव बगा.”

“हाव मंग,” महांतेश म्हणायचा. “जमाना बदललाय जी.”

मी वरून ऐकायचो. माझ्या पोटात आकडे धावत असायचे, अंग तापलेलं असायचं, पंखे घुमत असायचे, आणि कौतुक त्या पोकळ डब्याचं. वीट यायचा. पण तेव्हा मला वाटायचं, असू दे, हसण्यावारी न्यावं. मूर्खपणाने कोणाचं नुकसान होत नाही तोवर तो विनोदच असतो.

मग ते काम आलं.

किनवटच्या पुढे, जंगलाच्या कडेला, एक संस्था मुलींचं वसतिगृह बांधणार होती. नकाशे रामलिंग सरांचे, पण हट्ट संस्थेचा. रस्त्याच्या बाजूला दोन मजले उंच काचेचा हॉल, त्यावर संस्थेचं नाव, रात्री दिवे लागतील असं. आणि मुलींच्या खोल्या मागे, डोंगराला चिकटून, उंच कुंपणभिंतीच्या आड. खिडक्या लहान आणि छताजवळ. का, तर मुलींनी बाहेर बघू नये. शिवानीला सांगितलेलं काम सोपं होतं. समोरच्या हॉलचं देखणं हलतं चित्र कर, चार झाडं लाव, आकाशात पाखरं सोड.

तिने नकाशा उघडला, मागच्या खोल्या पाहिल्या आणि तिचा चेहरा बदलला. कॉलेजात असताना ती स्वतः अशाच एका खोलीत राहिली होती. दिवसा ट्यूब लावायची. भिंतींना काळी बुरशी. कपडे वाळायचेच नाहीत. ओले कपडे अंगावर वाळवून मुलींच्या मांड्यांना, काखांना गजकर्ण झालेलं, आणि लाजेने कोणी कोणाला सांगत नसे. रात्री खाजवण्याचा आवाज यायचा, शेजारच्या खाटेवरून, पलीकडच्या खाटेवरून.

तिने सरांना फोन लावला. “सर, मागच्या खोल्यांत ऊन कधीच येणार नाही.”

“मी सांगून थकलो गं,” सर म्हणाले. “त्यांना पुढची बाजू पाहिजे.”

“मग मी दाखवते. हिवाळ्यातला एक आख्खा दिवस. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत खोलीत काय दिसतं ते. खरा सूर्य, खरा डोंगर. कुठल्याही घटकेला ऊन येत नाही हे डोळ्यांनी बघितल्यावर तरी लाजतील.”

“कर,” सर म्हणाले. “पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक आहे. त्यात नकाशा मंजूर झाला की लगेच भूमिपूजन. मग कोणी ऐकायचं नाही.”

हे काम सोपं नाही. उन्हाची एकेक तिरीप कुठून येते, कशावर आपटते, कुठे विझते, याचा हिशोब मला करायचा होता. दिवसरात्र, न थांबता. शिवानीने मला कामाला लावलं आणि माझ्या पोटात तो दिवस उगवला. डोंगराची सावली खोलीवर पडली आणि पडूनच राहिली. तीन दिवस, तीन रात्री मी तापत होतो. शिवानी मधूनमधून हात लावून बघायची, आजारी मुलाच्या कपाळाला लावावा तसा. खंडेनवमीच्या सकाळी माझ्या पोटात दुपार सरून संध्याकाळ व्हायला आली होती. आता थोडंच उरलं होतं.

खंडेनवमीला या घरात यंत्रांची पूजा असते. यंत्रं धुऊन पुसून बसवतात आणि त्या दिवशी एकही चालवत नाहीत. वर्षभर राबलेल्या यंत्राला एक दिवस विसावा द्यायचा, ही या घराची रीत. भरडायचं यंत्र, पॉलिशचं यंत्र, काटा, ट्रक, सगळ्यांना विभूती, झेंडू, नारळ. मला ही रीत मनापासून आवडते. कोणीतरी यंत्राला थकवा येतो असं मानतं, हे ऐकून बरं वाटतं. आजवर ते ताट जिना मात्र चढलं नव्हतं. गुरुपादप्पांच्या लेखी वरचा कंप्युटर हे पोरीचं खेळणं होतं.

फुलं कमी पडली म्हणून कमलम्मांनी शिवानीला गंजगोलाईच्या बाजारात पाठवलं होतं. आणि त्या वर्षी, नेमक्या त्या वर्षी, गुरुपादप्पा ताट घेऊन जिना चढून आले.

“हे बी यंत्रच की,” ते कमलम्मांना म्हणाले. “पोरगी रातंदिस ह्याच्यापुढं बसालीय. ह्याला ईभूती लावाय नको का?”

मी घुमत होतो. त्यांनी कान दिला. “हे चालूच हाय व्हय? आजच्या दिवशी?”

“शिवानीला येऊ द्या की,” कमलम्मा म्हणाल्या. “तिला इचारा आधी.”

“इचारायचं काय त्यात? खालची समदी इसाव्याला बसली, ह्याला एकट्याला जुंपून ठिवायचं? पाप लागतंय.”

पडद्यावर त्या वेळी मागची खोली होती. इतकी अंधारी, की गुरुपादप्पांना वाटलं पडदा बंदच आहे.

ते गिरणीचे माणूस. यंत्र बंद कसं करायचं हे त्यांना नव्याने शिकवायला नको. त्यांनी भिंतीवरची कळ खाली ओढली. शेजारचा बॅटरीचा डबा, वीज गेली की मला तगवणारा, जीव तोडून ओरडायला लागला.

“हे का वरडालंय?” म्हणत त्यांनी त्याचंही बटण दाबलं. “नीज बाबा, तूबी नीज.”

माझ्या पोटात संध्याकाळ व्हायच्या आत काळोख झाला.

नंतर त्यांनी माझ्या जाळीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. बोटं खडबडीत, पण फार हळू. नारळ फोडायला वर दगड नव्हता, तेव्हा त्यांनी तो माझ्या डोक्याच्या कोपऱ्यावर आपटला. नारळ फुटला, मला पोचाही आला नाही. पाणी माझ्या बंद डोक्यावरून ओघळून फरशीवर सांडलं, आत थेंब गेला नाही. “लई दणकट हाय,” ते खूष होऊन म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी यंत्र म्हणून मान दिला होता, तोही माझ्या पोटात काळोख करून. पाणी मी बाहेर ठेवू शकलो. धूळ, उंदीर, पाली, सगळं बाहेर ठेवलं. पण कळ भिंतीवर होती. तिथे माझा पत्रा पोचत नाही.

शिवानी झेंडू घेऊन आली. जिन्यातच तिला शांतता कळली असावी, कारण शेवटच्या पायऱ्या ती धावत चढली.

“ये, ये,” गुरुपादप्पा कौतुकाने म्हणाले. “तुझ्या यंत्राची बी पूजा केलो बग आज.”

तिने काळा पडदा पाहिला. माझ्या अंगाला हात लावला. अजून गरम होतो. तिने कळ वर करून मला उठवलं, ती फाईल शोधली, उघडायला गेली. उघडेना. सगळा दिवस मी एकाच फायलीत बांधत आणला होता, आणि गाठ मारायच्या आधीच वीज गेली होती.

“आप्पा,” ती म्हणाली, “हे काय केलाव तुमी?”

“अगं, एक दिवस इसावा. गिरणी बी थांबली की.”

“गिरणी थांबली तर डाळ जागच्या जागी राहती आप्पा. माझं सगळं सांडलं. पयल्यापासनं भरडावं लागंल.”

आवाज ऐकून महांतेश वर आला. “मंग लाव की परत. त्यात रडायचं काय?”

“परवा बैठक हाय दादा! आत्ता लावलं तरी पुरं व्हायचं न्हाई.”

“आत्ता तर लावायचंच न्हाई,” गुरुपादप्पा म्हणाले. त्यांनी पुढे होऊन कळ पुन्हा खाली केली. रागाने नाही, देवघरातली वात मालवावी तशी. “ईभूती लागल्यावर उद्या सकाळची आरती होस्तोवर यंत्र चालवायचं न्हाई. माझ्या आजापासनं कुणी चालवलं न्हाई.”

“आणि त्या पोरींनी अंधारात राहायचं?”

“कोण पोरी?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. इतके दिवस त्यांच्या डोक्यावर मी तापत होतो, आणि कशासाठी, हे त्या घरात कोणी एकदाही विचारलं नव्हतं. शिवानीनेही आपणहून सांगितलं नव्हतं. खेळणं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं, असं तिला वाटत राहिलं.

तिने माझ्या पाठीच्या तारा एकेक काढल्या आणि मला छातीशी धरून उचललं.

“कुठं चाललीस?” कमलम्मांनी विचारलं.

“नांदेडला. सरांच्या ऑफिसात कळ कुणी बंद करणार न्हाई.”

सगळे तिच्यामागे जिना उतरले. खाली गिरणी गप्प होती. हमाल खोबऱ्याचा प्रसाद खात ओसरीवर बसलेले. आणि ऑफिसच्या काउंटरवर ते काचेचं कॅबिनेट! झेंडूचा हा एवढा हार, वर नारळ, पुढे उदबत्ती, आणि सातही रंगांचे दिवे लुकलुकत चालू.

शिवानी थांबली. “हे कसं चालू हाय? ह्याला इसावा न्हाई का?”

“त्याला कशाला?” महांतेश म्हणाला. “त्यात हाय काय? रिकामंच तर हाय ते.”

हमालांचं चघळणं थांबलं. महांतेश स्वतःच्या बोलण्याने जरा गडबडला आणि मोबाइल काढून बघायला लागला. गुरुपादप्पांनी त्या हाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता काढतील. ते पुढे झाले, हार एका बाजूला कलला होता तो त्यांनी सरळ केला. मग शिवानीकडे न बघता बायकोला म्हणाले, “पोरगी उपाशी चाललीय. भाकरी बांधून दे तिला.”

मी त्यांच्यावर रागावू की नको ते मला अजून ठरवता आलेलं नाही. महांतेशचं मात्र ठरलं आहे.

नांदेडची एसटी सणामुळे खच्चून भरलेली. शिवानी मला मांडीवर घेऊन बसली. अहमदपूरच्या अलीकडे कंडक्टर आला.

“ओ ताई, हे लोखंड मांडीवर का घेतलाव? ठिवा की खाली.”

“खाली हादरे बसतेत.”

“अन् मांडीवर काय गादी हाय व्हय?” तो म्हणाला. शेजारच्या मावशी हसल्या, पण त्यांनी सरकून थोडी जागा दिली. लोहा येईपर्यंत माझ्या कडेने शिवानीच्या हातावर लाल वळ उठले होते. माझ्या कडा बोथट आहेत, तरी उठले. त्याचं वाईट वाटलं.

रामलिंग सरांनी सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडून दिलं. मोठ्या टेबलाखाली मला ठेवलं. या वेळी शिवानी शहाणी झाली होती. दिवसाचे तुकडे करून एकेक तुकडा बांधत जायचं तिने ठरवलं, म्हणजे झालं तेवढं तरी हाती राहील. दसरा बाहेर झाला, लोकांनी सोनं वाटलं. आम्ही दोघांनी तो टेबलापाशी काढला. ती बांधून आणलेली भाकरी खात होती आणि माझ्या पोटात पुन्हा सकाळ होत होती. मी जेवढा धावू शकतो तेवढा धावलो. खरं सांगतो, त्याहून जास्त धावलो.

आणि आता इथेच संस्थेची बैठक चालू आहे. मी अजून त्याच टेबलाखाली आहे, माझ्याभोवती चकचकीत बुटांची रांग आहे. टेबलावर आपट्याची पानं आहेत, चिवड्याच्या बशा आहेत, मंजुरीनंतर वाटायचे पेढेही येऊन पडले आहेत. अध्यक्ष वैजनाथराव मधोमध बसलेत.

आधी त्यांनी काचेच्या हॉलचं चित्र मागितलं. ते पाहून वाहवा झाली. कोणीतरी म्हणालं, नाव आणखी मोठं पाहिजे, रेल्वेतून वाचता आलं पाहिजे. रेल्वे तिथून दिसतसुद्धा नाही.

मग शिवानी म्हणाली, “आता मागच्या खोल्या बघा.”

सूर्य उगवला. खोलीत अंधार. सूर्य वर चढला. खोलीत अंधार. सहा खाटा, त्यांच्यावर एक करडी सावली, हलता हलत नाही. छताजवळच्या फटीतून भिंतीवर जरा पांढुरकं काही आलं आणि विझलं. बुटांची चुळबुळ थांबली. मध्यान्ह झाली, आणि चित्र तिथे संपलं.

“पुढं?” वैजनाथरावांनी विचारलं.

“पुढचं होतंय,” शिवानी म्हणाली. “यंत्र चालू आहे. संध्याकाळपर्यंत थांबा, नाहीतर उद्या बसा. दुपारही दाखवते. दुपारीही ऊन येत नाही सर. मी एकदा पाहिलं होतं, ते पुसलं गेलं.”

“पुसलं गेलं म्हणजे?”

खंडेनवमी, विभूती, भिंतीवरची कळ, हे तिने या टेबलावर कोणाला सांगायचं आणि कसं? रामलिंग सर म्हणाले, “एक दिवस थांबू या साहेब.” वैजनाथरावांनी घड्याळाकडे पाहिलं. उद्या भूमिपूजन. मांडव पडला आहे, पाहुण्यांना निरोप गेले आहेत.

अहो, थांबा! मी टेबलाखालून सांगतोय, थांबा. तुमच्या बुटांपासून वीतभर अंतरावर, या काळ्या पत्र्याच्या आत, दुपार आत्ता चालू आहे. मी ती बघतोय. डोंगराची सावली आहे तिथेच आहे. सहावी खाट तर दिसेनाशी झाली आहे. वाकून मला नुसता हात लावा, किती तापलोय ते तरी कळेल. अन् तुम्ही, जे हे वाचताय, कधी काही निवडायला गेलात तर एकदा आत हात घालून बघा. आत कोणाला तरी राहायचं असतं हो.

पंखा घुमतोय. शिवानी उभीच आहे. टेबलाच्या टोकाला बसलेले एक सभासद, ज्यांनी आतापर्यंत तोंड फक्त चिवड्यासाठी उघडलं होतं, बशी पुढे सरकवतात आणि हात झटकतात.

“सकाळचं आंधारं दिसतंय खरं,” ते म्हणतात, “पर दुपारनंतर येत आसंल की ऊन.”